ड्रॉइंगच्या सरांसोबत दिल्ली: जयपूर हाऊस, दोनदा

आमच्या बाबांनी ३१ वर्षं ड्रॉइंग शिकवलं. अमरावती जिल्ह्यातल्या एका हायस्कूलला, शिवाय दर वर्षी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणाऱ्या पोरांचे सकाळचे जादा तास, तेही एक पैसा न घेता. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन हे शब्द आमच्या घरात वरण-भातासारखे. आणि घरात एक जाडजूड वही आहे, जुन्या हजेरीपटाची, तिच्यात बाबांनी मासिकांतून, दिवाळी अंकांतून, कॅलेंडरांवरून कापलेली चित्रं खळीने चिकटवलेली. रविवर्मा, धुरंधर, जामिनी रॉय, नंदलाल बोस, हुसेन. बरीचशी काळी-पांढरी. त्यातच अमृता शेरगिलचं 'ब्रह्मचारी', पोस्टकार्डाएवढं, कोपऱ्यात चहाचा डाग. छायाभेद शिकवायची वेळ आली की बाबा दर वर्षी नववीला हे चित्र दाखवायचे, वही हातोहात फिरायची. मी पण त्याच वर्गात शिकले त्यामुळे ते चित्र मला पाठ आहे.

पण ही चित्रं बाबांनी कधी समोर उभं राहून बघितली नव्हती. मुंबईला जहांगीर आर्ट गॅलरीला दोनदा जाऊन आलेले, तेवढंच. यंदा त्यांना ७१वं लागलं आणि आईनेच विषय काढला, की माझे गुडघे काही दिल्लीची थंडी सहन करायचे नाहीत, पण तू यांना ते जयपूर हाऊसमधलं चित्रांचं म्युझियम दाखवून आण. म्हणून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं निघालो. ताजमहाल नाही, लाल किल्ला नाही, नुसती चित्रं बघायला.

दिवस पहिला, रविवार: गाडी उभी

नागपूरहून शनिवारी रात्री बसलो. सकाळी ग्वाल्हेरच्या पुढे धुकं लागलं आणि मग गाडी जी रखडली ती सहा तास. दुपारी पोचून हुमायूनची कबर बघायचा बेत होता तो बारगळला. पण त्या सहा तासांचं मला आज अजिबात वाईट वाटत नाही. समोरच्या बर्थवर नागपूरचे एक सरदारजी आजोबा होते, ट्रकचा धंदा होता, आता मुलं बघतात, नातीच्या लग्नाला चाललेले. त्यांनी डब्यातून पिन्नी काढून दिली, आम्ही आमच्या दशम्या आणि जवसाची चटणी दिली, आणि मथुरेच्या अलीकडे गाडी पाऊण तास एका जागी उभी राहिली तेव्हा बाबांनी पिशवीतून चित्रं काढायची वही काढली. म्हणाले, धावत्या गाडीत हात हलतो, आता उभी आहे तर काढून घेऊ द्या. आजोबा पगडी नीट करून ताठ बसले. खिडकीबाहेर सगळं पांढरं, आत एवढासा पिवळट उजेड, आणि बाबांची २बी पेन्सिल. अर्धा डबा बघायला गोळा झाला. चित्र झाल्यावर आजोबांनी ते हातात धरून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मास्टरजी, आँखें तो मेरे पिताजी की बना दीं." बाबांनी पान फाडून त्यांना देऊन टाकलं.

हॉटेल करोलबागला घेतलं होतं, पोचलो तेव्हा अंधार पडलेला. गिझर चालत नव्हता, दोनदा सांगितल्यावर बादलीभर गरम पाणी आणून दिलं. बाहेर कोपऱ्यावर राजमा-चावल आणि गाजराचा हलवा खाल्ला, गाजरं लालचुटुक, आपल्याकडच्या केशरी गाजरांना ती चव येत नाही. हिवाळ्यात उत्तरेकडे जाणाऱ्यांनी पोचायच्या दिवशी काहीच ठरवू नका. कानटोपी, पायमोजे आणि गरम पाण्याची पिशवी, एवढं हाताशी असू द्या.

दिवस दुसरा, सोमवार: बंद दिवसाचा उपयोग

सोमवारी दिल्लीतली बहुतेक म्युझियम बंद असतात. हे माहीत असून सोमवार धरला कारण तिकिटं तशीच मिळाली, आणि त्या दिवशी उघड्यावरचं काहीतरी बघू असं ठरवलं होतं. पटेल चौक मेट्रोला उतरून संसद मार्गाने चालत गेलं की रिझर्व्ह बँकेची इमारत लागते. दाराच्या दोन्ही बाजूंना शिल्पकार रामकिंकर बैज यांचे यक्ष आणि यक्षी उभे आहेत. आम्ही फुटपाथवरूनच बघितलं. दगडाचे, भल्ले मोठे, मान पूर्ण मागे टाकावी लागते. यक्ष म्हणजे कुबेर, धनाचा राखणदार, त्याच्या एका हातात पैशाची थैली आणि दुसऱ्या हातात यंत्राचं चाक. यक्षीकडे फूल आणि धान्याचं कणीस. म्हणजे उद्योग आणि शेती, दोघं मिळून बँकेच्या दारात. नवीन सरकारी इमारतींमध्ये कलाकारांना काम द्यायचं असं नेहरूंच्या काळात ठरलं त्यातून हे काम निघालं, आणि मनाजोगता दगड शोधण्यापासून पूर्ण होईपर्यंत दहा वर्षांहून जास्त गेली. बाबा म्हणाले, मथुरेला पारखमचा यक्ष आहे ना, दोन हजार वर्षांपूर्वीचा, हा त्याचाच नातू बघ. याचं पोट पाह्य, तसंच पुढं आलेलं.

रस्त्यावरून माणसं घाईघाईने ऑफिसला जात होती. एक चहावाला होता, त्याला बाबांनी विचारलं की इथे किती वर्षं आहात, तो म्हणाला वीस. आणि ही यक्षी कोणी केली माहीत आहे का? नाही म्हणाला. मग बाबांनी त्याला पंधरा मिनिटं सगळं समजावून सांगितलं, शांतिनिकेतन, रामकिंकर, दगड कुठून आला ते, बाबांचं हिंदी वऱ्हाडी वळणाचं पण चहावाला मन लावून ऐकत होता आणि शेवटी त्याने मान वर करून यक्षीकडे बघितलं. चहाचे पैसे घेतले नाहीत.

दुपारी मंडी हाऊसजवळ त्रिवेणी कला संगमला गेलो. ही जोसेफ अॅलन स्टाईन यांनी बांधलेली इमारत, १९६३ची, जाळीच्या भिंती आणि मधे पायऱ्यापायऱ्यांचं उघडं नाट्यगृह. आम्ही गेलो त्या सोमवारी ती उघडी होती. छोट्या गॅलऱ्या आहेत, नव्या पोरांची प्रदर्शनं असतात, आणि वर कॅफे आहे तिथे पालक पत्ता चाट जरूर खा. पालकाचं पान बेसनात तळून वर दही-चिंच. उन्हात बसायला जागा मिळाली, बाबांनी स्वेटर काढला आणि तासभर जाळीतून पडणारं ऊनच काढत बसले.

संध्याकाळी निजामुद्दीन ईस्टमध्ये नुसते फिरलो. कारण एकच, चित्रकार वासुदेव गायतोंडे. १९२४ साली नागपूरला जन्म, घराणं गोव्याचं, गिरगावात चाळीत वाढले, जेजेला शिकले आणि १९७२च्या सुमारास दिल्लीला आले ते इथेच, एका बरसातीत राहायला. बरसाती म्हणजे गच्चीवरची खोली. वर्षाला मोजून पाच-सहा चित्रं करायचे, बाकी वेळ शांत बसून. कुठलं घर ते आम्हाला माहीत नव्हतं आणि आम्ही कुणाला विचारलंही नाही. बाबा प्रत्येक घराच्या गच्चीकडे बघत चालत होते. कडुनिंब, पार्कमध्ये क्रिकेट, कुकरच्या शिट्ट्या. म्हणाले, "इतक्या आवाजात तो माणूस इतका गप कसा राहिला असेल."

दिवस तिसरा, मंगळवार: जयपूर हाऊस

राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, सगळे एनजीएमए म्हणतात, इंडिया गेटच्या चौकातच आहे. जयपूरच्या महाराजांसाठी १९३६ साली बांधलेला राजवाडा, मधे घुमट आणि दोन्ही बाजूंना फुलपाखराच्या पंखांसारखी पसरलेली इमारत. १९५४च्या मार्चमध्ये इथे संग्रहालय सुरू झालं, आणि २००९ साली मागे मोठी नवी इमारत जोडली. आम्ही ११ वाजता, उघडायच्या वेळेलाच गेलो. भारतीयांना तिकीट २० रुपये. खान मार्केट मेट्रोहून रिक्षा केली, वयस्कर माणूस सोबत असेल तर चालू नका, अंतर दिसतं त्यापेक्षा जास्त आहे. बॅग बाहेर ठेवावी लागते, वही-पेन्सिलचं आम्ही दारावर विचारून घेतलं.

हिरवळीवर देवीप्रसाद रॉयचौधरींचं 'श्रमाचा विजय' आहे. मूळ चेन्नईला मरीना बीचवर, ही त्याचीच प्रत. चार माणसं एक प्रचंड धोंडा हलवताहेत. बाबा त्याच्याभोवती दोन चकरा मारून आले आणि एका माणसाची पोटरी दाखवत म्हणाले, "पाह्य वं, ही शीर. शरीर काढायला शिकवताना मी पोरांना हेच सांगायचो, जोर लागतो तो टाचेतून येतो, दंडातून नाही."

आत गेल्यावर बाबा एकदम गप झाले. सांगायला हरकत नाही, मला आधी काळजीच वाटली. देवळात गेल्यावर चप्पल काढावी तसं काहीतरी चेहऱ्यावर होतं. रविवर्मांच्या पुढे थोडा वेळ, कंपनी शैलीच्या, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबांसाठी काढलेल्या चित्रांपुढे थोडा वेळ, आणि मग नंदलाल बोस यांची हरिपुरा पोस्टर लागली.

ही १९३८ची. गुजरातमध्ये हरिपुरा गावी काँग्रेसचं अधिवेशन होतं आणि गांधीजींनी नंदलालबाबूंना सांगितलं की खेड्यातल्या माणसांना येता-जाता बघता येईल असं काहीतरी करा. तर त्यांनी आणि शिष्यांनी मिळून शेकडो चित्रं केली, साध्या कागदावर, मातीचे रंग, वर कमान आणि तिच्याखाली एक एक माणूस. ढोल वाजवणारा, शिंपी, पिंजारी. ती अधिवेशनाच्या मांडवांवर लावलेली होती. म्हणजे ही आपल्यासारख्यांसाठीच केलेली. मी जवळ जाऊन बघितलं तर एका चित्रात पाठीची रेघ मानेपासून कमरेपर्यंत एका दमात ओढलेली आणि मधे कुंचल्यातला रंग संपत आलाय, रेघ कोरडी खरखरीत झालीय, तरी त्यांनी कुंचला पुन्हा बुडवला नाही. त्या खरखरीतूनच पाठीचं वळण आलंय. बाबांनी बोट न लावता हवेतच ती रेघ ओढून बघितली. तीन वेळा.

रवींद्रनाथ टागोरांच्या चित्रांपाशी शाळेची एक सहल आलेली होती, सातवी-आठवीची पोरं जमिनीवर बसलेली. त्यांच्या बाईंनी सांगितलं की टागोर साठी ओलांडल्यावर चित्रकार झाले, हस्तलिखितात खोडलेल्या शब्दांच्या गिचमिडीतून आकार काढता काढता. बाबा मागे उभे राहून ऐकत होते. एका मुलीने मागे वळून विचारलं, "दादाजी, आप भी पेंटर हो?" बाबा म्हणाले, "नाही बेटा, मी शिकवतो." मराठीतच म्हणाले. ३१ वर्षं शिकवून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण 'शिकवायचो' असं म्हणाले नाहीत.

आणि मग अमृता.

अमृता शेरगिलची शंभराच्या वर चित्रं या संग्रहालयाकडे आहेत, त्यातली काही एका वेळी भिंतीवर असतात. बुडापेस्टला १९१३ साली जन्म, पॅरिसमध्ये शिक्षण, आणि १९४१च्या डिसेंबरात लाहोरला गेली तेव्हा वय अवघं २८. तिची चित्रं परदेशात नेऊन विकता येत नाहीत, ती राष्ट्राची ठेव म्हणून जाहीर झालेली आहेत. पॅरिसमधली आणि भारतात परतल्यावरची अशी दोन्ही बघायला मिळाली. पॅरिसमधली तिची तयारी बघून छाती दडपते, पण माणसं परकी वाटतात. मग 'तीन मुली' येतं, १९३५चं, याला पुढे बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. तिघी बसल्यात, कुणी कुणाशी बोलत नाही, कुणी आपल्याकडे बघत नाही. आमच्या मावशीच्या लग्नाआधीचा एक फोटो आहे, बहिणींचा, त्यात अगदी हेच बसणं आहे.

आणि दुसऱ्या भिंतीवर 'ब्रह्मचारी'.

मी बाबांच्या दोन पावलं मागे होते. पोस्टकार्डाएवढं बघायची सवय, आणि समोर जवळपास दीड मीटर रुंद कॅनव्हास. मागे तांबूस गेरूसारखा रंग, त्यावर पाच तरुण, उघड्या अंगाचे, पांढरी धोतरं नेसून बसलेले. बाबा आधी लांब उभे राहिले, मग जवळ गेले, मग पुन्हा लांब. चष्मा काढून पुसला. मी विचारलं, बसायचं का? मान हलवली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, "बाप्पा. मी पोरांना खोटं शिकवलं."

मला कळेना. तर म्हणाले, आपल्या वहीतल्या चित्रात धोतरं नुसती कोरी पांढरी दिसतात, म्हणून मी दर वर्षी सांगायचो की बघा, उजेड दाखवायचा तिथे कागद कोरा सोडा, अमृता शेरगिलनेही सोडलाय. आणि इथे बघ, कोरं काही सोडलेलंच नाही. मी जवळ जाऊन बघितलं. खरंच, पाच धोतरांचे पाच पांढरे. एक पिवळसर, जुन्या धुतलेल्या सुती कापडासारखं. एकाच्या घडीत निळसर झाक. एकात खालून मागचा तांबडा वर आल्यासारखा. जाड रंग आहे, कुंचल्याचे फराटे दिसतात, घडी जिथे वळते तिथे फराटाही वळतो. या काळ्या अंगांमुळे ते पांढरे उजळतात आणि त्या पांढऱ्यांमुळे अंगं.

तिथे एक गार्ड होते, अल्मोड्याकडचे, साधारण पन्नाशीचे. आम्ही अर्ध्या तासावर एका चित्रापुढून हललो नाही हे ते बघत असावेत. उठून आले आणि आपली खुर्ची बाबांपुढे ठेवली. "बाबूजी, बैठ के देखिए. इसको खड़े-खड़े देखोगे तो पैर बोलेंगे, आँख नहीं बोलेगी." बाबा संकोचले पण बसले. मग त्या दोघांचं बोलणं सुरू झालं. या माणसाने या चित्रांसोबत इतकी वर्षं काढलीत की कुठल्या वेळी कुठल्या चित्रापुढे माणसं थांबतात हे त्यांना ठाऊक आहे. म्हणाले, जोडपी त्या तीन मुलींपुढे थांबतात, पोरं मोठ्या चित्रांपुढे फोटो काढतात, आणि म्हातारी माणसं त्या शेवटच्यापुढे. त्यांनी बोट केलं तिकडे अमृताचं शेवटचं, अपुरं राहिलेलं चित्र होतं. लाहोरच्या घराच्या गच्चीवरून दिसणारं, काळ्या म्हशी आणि घरं. काही ठिकाणी रंग नुसता ठेवून दिलाय, नंतर येऊन पुरा करू अशा हिशेबाने.

बाबा अजिंठ्याला शाळेच्या सहली घेऊन जायचे. १९३६च्या शेवटी अमृता पण अजिंठा-वेरूळला येऊन गेली, आणि तिथून दक्षिणेत जाऊन आल्यावर १९३७ साली हे 'ब्रह्मचारी' आणि सोबतची दोन मोठी चित्रं केली. बाबा म्हणाले, "ह्या पोरांचे डोळे आणि बसणं अजिंठ्याचंच आहे. एवढे वर्षं दोन्ही पाहत आलो अन् जोडलं नाही." तळेगाव दशासरचे चित्रकार ह. अं. गाडे, रझा-सूझा-हुसेनसोबत १९४७ साली मुंबईत नव्या चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढणारे, आमच्या जिल्ह्यातले, त्यांचंही काही बघायला मिळेल अशी बाबांना आशा होती पण त्या दिवशी भिंतीवर नव्हतं. इथली मांडणी बदलत असते, एखादं ठरावीक चित्र बघायचं मनात असेल तर आधी फोन करून विचारा.

नव्या इमारतीत पोचेपर्यंत चार वाजले, पाय गेले होते. गायतोंडे, रझा, तय्यब मेहता सगळं भराभर झालं. ही चूक करू नका. सगळं एका दिवसात होत नाही, आणि उरकून घेण्यासारखं तर ते नाहीच. बाबाच म्हणाले, परत यायचं. गुरुवारी रात्रीची गाडी होती, दिवस मोकळाच होता.

रात्री महाराष्ट्र सदनच्या कॅन्टीनला जेवलो. तीन दिवसांनी आपल्याकडची भाजी आणि वरण-भात, बाबांनी दोनदा भात घेतला.

दिवस चौथा, बुधवार: रेघा

सकाळी चांदनी चौकात दौलत की चाट खाल्ली. दुधाचा फेस, रात्रभर थंडीत ठेवून घुसळलेला, वर केशर आणि खवा, जिभेवर ठेवला की नाहीसा. फक्त हिवाळ्यात मिळते, सकाळीच जा.

मग साकेतला किरण नाडर म्युझियम. हे खासगी, २०१०चं, एका मॉलमध्ये आहे, प्रवेश फुकट. कपड्यांच्या दुकानांमधून जाऊन अचानक पांढऱ्या भिंती आणि शांतता. इथे आम्हाला नसरीन मोहम्मदीची काही रेखाटनं बघायला मिळाली आणि बाबांचा सगळा दिवस त्यातच गेला.

नसरीन १९३७ला कराचीत जन्मली, बडोद्याला शिकवायची, आणि १९९०ला गेली ती आपल्या अलिबागजवळच्या किहीमला. तिच्या चित्रात माणूस नाही, झाड नाही, रंगही जवळजवळ नाही. कागदावर पेन्सिल आणि शाईच्या रेघा, समांतर, तिरक्या, कुठे दाट कुठे विरळ होत गेलेल्या. लांबून नुसता करडा कागद वाटतो. बाबा नाक लावायच्या अंतरावर जाऊन म्हणाले, "रुलिंग पेन." घनभूमिती शिकवताना त्यांनी स्वतः हेच वापरलेलं. मग मला समजावलं: दोन पात्यांच्या मधे शाई भरायची, स्क्रूने जाडी ठरवायची, आणि सुरुवात करताना किंवा थांबताना हात जरा रेंगाळला की तिथे शाईचा ठिपका बसतो. "एक ठिपका दाखव मला यात." मी शोधला, मला सापडला नाही. शेवटच्या वर्षांत आजाराने तिचा हातावरचा ताबा सुटत चालला होता, चालणं अवघड झालेलं, आणि तरी या रेघा. बाबांचा उजवा हात गेल्या वर्षापासून थोडा थरथरतो. सही करताना दिसतं. ते काही बोलले नाहीत, फक्त डाव्या हाताने उजवं मनगट धरून उभे होते आणि मी पण काही बोलले नाही.

जेवण तिथेच मॉलमध्ये उरकलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. लहान मुलं सोबत असतील तर हे म्युझियम सोपं पडतं, लिफ्ट आहे, बाथरूम स्वच्छ, बसायला जागा आहे. मेट्रो मालवीय नगर.

दिवस पाचवा, गुरुवार: पुन्हा

पुन्हा २० रुपयांचं तिकीट, पुन्हा ११ वाजता. या वेळी सरळ नव्या इमारतीत, गायतोंडेंपुढे. एकच चित्र ठरवून घेतलं. उभा कॅनव्हास, करडा-हिरवा, नाव नाही. मंगळवारी मी त्याच्यापुढे मिनिटभरही थांबले नव्हते. बाकावर बसलो. पहिली पाच मिनिटं काहीच नाही. मग डोळा सरावला आणि करड्याच्या मागे आणखी एक करडा दिसायला लागला, त्याच्या मागे पिवळा, पहाटे तळ्यावरचं धुकं हलावं तसं. मधे काही आकार तरंगताहेत, अक्षरांसारखे पण वाचता न येणारे. ते रोलरने आणि सुरीने रंगाचे थर देत, मासिकांचे फाडलेले कागद ओल्या रंगावर दाबून रंग उचलून घेत. म्हणजे जे दिसतं त्यातलं पुष्कळसं काढून घेतल्यामुळे दिसतं. बाबांनी मला हे सांगितलं नाही, मी विचारल्यावर सांगितलं, आणि नंतर आम्ही पुन्हा गप बसलो. पाऊण तास. येणारे-जाणारे पुढून जात होते. रविवारी मथुरेजवळ गाडीच्या खिडकीबाहेर हेच होतं असं मला वाटलं, आणि मी बाबांना म्हटलं तर ते म्हणाले, "हो. पण तिथं आपण गाडी कधी निघते ते पाहत होतो."

जायच्या आधी 'ब्रह्मचारी'. तेच गार्ड होते. बाबांना बघून हसले आणि न बोलता खुर्ची आणून ठेवली. बाबांनी पेन्सिल काढली, पण चित्राची नक्कल केली नाही. वहीच्या पानावर पाच चौकोन केले आणि प्रत्येकात बारीक अक्षरात लिहीत गेले, कुठल्या धोतरात कुठला पांढरा, कशात काय मिसळलं असेल. झिंक व्हाइटात थोडा यलो ऑकर. इथे कोबाल्टचा अंश. इथे खालून इंडियन रेड. निघताना गार्डना त्यांनी आमच्या घरची तीळपापडीची पुडी दिली, आईने बांधून दिलेली शेवटची.

गाडी या वेळी वेळेवर सुटली. बाबांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, जुन्या विद्यार्थ्यांचा, त्यावर ते एरवी फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकतात. फरीदाबाद गेल्यावर त्यांनी फोन तोंडापाशी धरला आणि व्हॉइस मेसेज सुरू केला. "बाळांनो, मी सर बोलतो. तुम्हाला नववीत मी एक चित्र दाखवलं होतं, पाच मुलांचं, आणि पांढऱ्याच्या जागी कागद कोरा सोडा म्हणून सांगितलं होतं. ते मी आज प्रत्यक्ष पाहिलं. ते तसं नाही." मग वही उघडून पाचही चौकोन वाचून दाखवले, सावकाश, फळ्यावर लिहून देताना वाचायचे तसे.

थोड्या वेळाने पहिलं उत्तर आलं, परतवाड्याला बोर्ड रंगवायचं दुकान आहे त्या मुलाचं. आता चाळिशी ओलांडली असेल त्याने. लिहिलं होतं, "सर, तिसऱ्यात निळा किती टाकायचा?"

बाबांनी चष्मा लावला, वही मांडीवर घेतली आणि उत्तर टाइप करायला लागले.